शेवटच्या घरापासून

सोनकांबळे साहेब गावात शिरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. समोर सरपंच शाल-नारळ घेऊन उभे असत, तलाठ्याने जीपच्या बॉनेटवर नकाशा पसरलेला असे, चहा सांगितलेला असे. साहेब खाली उतरत, पँटवरची धूळ झटकत आणि विचारत, "गावातलं शेवटचं घर कोणाचं?" लोकांना वाटे, साहेबांचं कुणी नातेवाईक असेल. मग कुणीतरी बोट दाखवी आणि साहेब शाल-नारळ तिथेच ठेवून त्या दिशेने चालू लागत. बाकीच्या लवाजम्याला मागून जावंच लागे. बाटल्यांची पेटी सांभाळत सगळ्यात मागे मी असे.

ते भूगर्भतज्ज्ञ आणि मी पाणी तपासणारी. आमचं ऑफिस नांदेडला, पण कामाचा पसारा लातूरच्या पार टोकापर्यंत. एखाद्या नगरपालिकेला कचरा डेपोसाठी जागा हवी असली की ती जागा त्या कामाला लायक आहे का, हे बघायला साहेबांना पाठवत. जमिनीखाली कुठला खडक आहे, पाणी किती खोल आहे, ते कुठल्या बाजूला वाहतं, कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी उद्या कुणाच्या विहिरीत उतरेल, हे सगळं बघून ते शेवटी एक शब्द लिहीत. योग्य, नाहीतर अयोग्य. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी भरून आणणं आणि ते आज कसं आहे हे लिहून ठेवणं एवढं माझं काम. उद्या बिघडलं तर आधी कसं होतं हे कुणाला तरी माहीत असायला हवं, असं साहेब म्हणत.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ते नायगाव तालुक्यातल्या एका गावात. मी स्वतः नायगावची, शेतकऱ्याघरची, त्यामुळे या भागातलं आपल्याला सगळं कळतं असा माझा तोरा होता. तलाठ्याने नकाशावर दाखवलं की डेपोची जागा गावापासून लांब आहे, नियमात बसते. साहेबांनी विचारलं, अंतर कुठून मोजलं? तो म्हणाला, गावठाणापासून, मारुतीच्या देवळापासून. आमच्याकडे सगळीच अंतरं मारुतीच्या देवळापासून मोजतात, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

"देवळात मुक्कामाला कोन असतंय?" साहेबांनी विचारलं.

तलाठी म्हणाला, कोणी नाही.

"मग जिथं मानूस झोपतंय तिथून मोजू."

शेवटचं घर ओढ्याच्या पलीकडे निघालं. तिथे पंधरावीस घरांची वस्ती होती आणि नकाशावर त्या जागी 'पडीक' असा शब्द होता. सगळ्यात टोकाच्या घरात पारूबाई नावाची एक म्हातारी राहत होती. तिने आम्हाला शेळीच्या दुधाचा चहा दिला. साहेबांनी टेपचं एक टोक तिच्या उंबऱ्यावर धरायला सांगितलं आणि दुसरं टोक तलाठ्याच्या हातात देऊन त्याला उन्हातून चालवलं. टेप संपला की खुंटी ठोकायची, परत तिथून पुढे. तलाठी घामाघूम झाला. ती जागा नियमात बसत नव्हती, हे टेप तिसऱ्यांदा संपायच्या आतच सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. तरी साहेबांनी शेवटपर्यंत मोजायला लावलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलं की असं कसं झालं, इतक्या लोकांची घरं नकाशात नाहीत. साहेब हसले. म्हणाले, "शिंदेबाई, पडीक जमीन फकस्त कागदावर असती. जाऊन बघितलं की तिथं कुनाची तरी शेळी चरून राहिलेली असती." ते आम्हा सगळ्या बायकांना आडनावाला बाई लावून बोलवत. मला 'मॅडम' म्हणवून घ्यायची हौस होती, पण त्यांच्या तोंडून ते कधी आलं नाही आणि नंतर मला त्याचं काही वाटेनासं झालं.

दिसायला साहेब अगदी साधे. काळे, उंच, थोडे वाकलेले, कानावर केस. खिशात एक छोटा हातोडा. खडकावर तो मारून ते कान देऊन ऐकत. टणक काळा खडक खणखणीत वाजतो, आणि आत पोकळ्या असलेला भुसभुशीत खडक बद्द वाजतो, हे त्यांनी मला शिकवलं. काही दिवस मी ऑफिसच्या पायऱ्यासुद्धा वाजवून बघत होते. जागेवर ते एक खड्डा खणायला लावत, त्यात पाणी ओतत आणि शेजारी छत्री उघडून बसत. ते पाणी किती वेळात मुरतं हे बघायचं असे. ड्रायव्हर वैतागायचा, नगरपालिकेचे लोक घड्याळं बघायचे, साहेब मात्र खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात बसायचे. कोणी घाई केली तर म्हणत, "आपल्याला घाई हाय, पान्याला न्हाई. ते लई सावकाश जातंय अन् लई लांब जातंय."

उन्हाळ्यात बघितलेल्या जागेवर ते कधीच शेवटचा शब्द लिहीत नसत. पोळा झाला, रानं भरली की पुन्हा जात. या एका सवयीमुळे त्यांच्या नावाने वरपर्यंत तक्रारी होत्या. उन्हाळ्यात आमच्याकडची काळी जमीन भेगाळलेली असते, ओढे कोरडे असतात आणि विहिरींचे तळ दिसत असतात. तेव्हा कुठलीही जागा डेपोसाठी चांगलीच वाटते. साहेब म्हणत, मे महिन्यात सगळा मराठवाडाच योग्य हाय, लिहा एकदाच.

म्हाताऱ्या माणसांना ते आणखी एक गोष्ट विचारत, आणि ती विचारताना त्यांचा आवाज थोडा उतरे. पूर्वी गावातलं मेलेलं ढोर कुठं टाकत होते? मला आधी ते कसंतरीच वाटलं. एकदा लातूरकडच्या मुरुडहून येताना टपरीवर चहा घेत होतो, तेव्हा त्यांनी त्याचं कारण सांगितलं. गावाने घाण टाकायची जागा एकदा ठरवली की शेकडो वर्षं बदलत नाही, आणि नवा डेपोही हटकून तिथेच सुचवला जातो. ती जागा ज्यांच्या दारात असते ते लोक तेच राहतात. "म्हनून आधी ईचारून घेतो," ते म्हणाले. "जागा जमीन बघून निवडली का मानसं बघून निवडली, ते तेवढ्यात कळतंय."

मग त्यांनी वडिलांविषयी सांगितलं. त्यांचं गाव औसा तालुक्यात. धर्मांतर झालं तेव्हा त्यांचे वडील ऐन तरुण होते. त्यांनी ढोर ओढायचं सोडलं, गावकीचं सगळंच काम सोडलं. गावाने मग त्यांना कामाला बोलावणं बंद केलं. वडिलांनी माळाच्या पायथ्याशी एक बरड तुकडा घेतला, ज्यात दगडांशिवाय काही नव्हतं. नवरा-बायको दोघांनी कित्येक वर्षं दगड वेचले आणि त्याच दगडांचा बांध घातला. मग हाताने विहीर खोदली. तिला जे पाणी लागलं ते गावातल्या कुठल्याही विहिरीपेक्षा गोड होतं. साहेबांचा हातोडा वडिलांच्या त्या खोदकामातूनच आला असावा असं मला वाटतं. ते शिकून नोकरीला लागले आणि धाकटा भाऊ गौतम ते रान करत राहिला. भावाचं नाव काढलं की साहेबांचा चेहरा उजळे. हुरडा गौतमच्या रानातला, ज्वारी गौतमच्या रानातली, आमच्या ऑफिसात पाटीभर येणाऱ्या शेंगाही गौतमच्याच.

पुढची गोष्ट घडली ती आमच्या भागातल्या एका नगरपालिकेच्या डेपोवरून. त्या शहराचा कचरा शहरातच एका मैदानावर पडत होता. तो सतत पेटलेला असे आणि शेजारच्या शाळेतली मुलं खोकत. नवी जागा तातडीने हवी होती, आणि ती हवी होती यात साहेबांनाही शंका नव्हती. नगरपालिकेने मुरुडकडचं एक गायरान सुचवलं. आम्ही गेलो. साहेबांनी शेवटचं घर विचारलं. ती बौद्ध वस्ती होती, गायरानाच्या खालच्या अंगाला, आणि तिथल्या दोन्ही विहिरी ओढ्याकाठी. पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा गायरानातून पाण्याचे झरे सरळ त्या विहिरींकडे वाहत होते. साहेबांनी लिहिलं, अयोग्य.

दुसरी जागा होती औसा तालुक्यातला एक माळ. गावाचं नाव वाचलं आणि साहेब बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. ते त्यांचंच गाव होतं. माळाच्या कडेला लागून गौतमचं रान होतं.

त्यांनी त्याच दिवशी वर लिहून कळवलं की शेजारी माझ्या भावाचं रान आहे, हे काम दुसऱ्याला द्या. वरून उत्तर आलं, दुसरा माणूस नाही, पदं रिकामी आहेत, काम तुम्हीच करा. आणि उशीर झाला तर नगरपालिका गायरानाच्या जागेवरच पुढे जाणार, खाजगी माणसाकडून अहवाल करून घेण्याचं त्यांचं बोलणंही झालं होतं. मी साहेबांना म्हणाले, रजा टाका, आजारी पडा, काहीही करा, पण यात पडू नका. त्यांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, मी बाजूला झालो तर त्या वस्तीच्या विहिरी गेल्या म्हनून समजा.

त्यांनी माळ उन्हाळ्यात बघितला, पावसाळ्यानंतर बघितला. खड्डे खणले, पाणी ओतलं, छत्री उघडून बसले. मी बरोबर होते. मला वाटतं, त्या माळात काहीतरी खोट निघावी म्हणून त्यांनी हातोडा नेहमीपेक्षा जास्त वेळा मारला. पण खडक खणखणीत वाजत राहिला. पाणी खूप खोल होतं. नियमाच्या अंतरात कुणाचं घर नव्हतं, ओढा नव्हता, आणि माळाचा उतार गौतमच्या रानाच्या उलट्या बाजूला होता. इतकी चांगली जागा आम्ही दोन जिल्ह्यांत पाहिली नव्हती.

अहवालावर सही करायच्या आधी ते गौतमला सांगायला गेले. मला विहिरीचं पाणी भरून घ्यायचं होतं म्हणून मीही गेले. गौतम विहिरीजवळ बाभळीखाली बसला होता. साहेबांपेक्षा ठेंगणा, रुंद, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा. साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. तळाला मातीचा आणि प्लास्टिकचा पक्का थर घालायचा, काळं पाणी एका टाकीत जमा करायचं, ओला कचरा आणायचाच नाही, उतार पलीकडे ठेवायचा, या सगळ्या अटी ते लिहिणार होते.  सगळं ऐकून झाल्यावर गौतम बोलला.

"आबानं ढोर वढायचं सोडलं म्हनून आपन ह्या दगडात आलो. अन् तू आख्ख्या शहराचं ढोर आनून ह्या दारात टाकनार."

"गौतम, ती गायरानाखालची मुरुडकडची वस्ती आपल्यावानीच हाय. तिथं डेपो झाला तर त्यांच्या ईहिरी जात्यात. हितं तुज्या ईहिरीला काय होनार न्हाई. मी शब्द देतो."

"शब्द तू देनार अन् पानी मी पिनार," गौतम म्हणाला. मग तो उठून मोटर बंद करायला गेला आणि आम्ही निघेपर्यंत परत आला नाही.

साहेबांनी सही केली. योग्य. त्याच्याखाली अटींची इतकी लांब यादी लिहिली की आमच्या टायपिस्टने कपाळाला हात लावला. डेपो झाला. गौतमने भावाशी बोलणं सोडलं. साहेबांच्या मुलीच्या लग्नाला आला नाही. ऑफिसात शेंगांची पाटी येणं बंद झालं. साहेबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, पण भीमजयंतीला गावाकडे जायचं नाही म्हणून त्या दिवशी ऑफिस बंद असताना येऊन बसलेले मी त्यांना बघितलं आहे.

आणि मग दुसरंच एक सुरू झालं. पावसाळा संपला की गौतम माझ्याकडे येऊ लागला. औशाहून एसटीने नांदेडला. हातात विहिरीच्या पाण्याची बाटली, तिच्या तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. तो बाटली माझ्या टेबलावर ठेवी आणि समोर उभा राहून मी काय करते ते बघत राही. मी बसा म्हटलं तरी बसत नसे. त्याला भावाला खोटं पाडायचं होतं, हे उघड होतं. पाणी पिण्यालायक आहे असा निकाल कळला की तो आणखी काही न विचारता निघून जाई. साहेब दोन दारं सोडून त्यांच्या खोलीत बसलेले असत. तो तिकडे मान वळवून बघतही नसे.

तो गेला की साहेब चहाचं निमित्त काढून माझ्या खोलीत येत. गौतम आला होता का, असं सरळ न विचारता, आज औशाची गाडी वेळेवर आली का, असं विचारत. मी पाण्याचा निकाल सांगितला की ऐकून घेत आणि मग हमखास विचारत, तब्येत कशी वाटली? मला दोघांचाही राग यायचा. एकदा मी म्हणालेसुद्धा, साहेब, तुम्ही दोघं समोरासमोर बसून काय ते भांडून का घेत नाही? ते म्हणाले, "येतोय ना दरसाल. त्याला तपासू द्या. तपासायला येतोय तवर आपलं काहीतरी चालूच हाय."

साहेब निवृत्त झाले आणि लातूरला मुलाकडे राहायला गेले. गौतम येत राहिला. काही वर्षांनी एकदा त्याच्या बाटलीतलं पाणी मी काचेच्या नळीत ओतलं आणि मला वास आला. तपासायच्या आधीच मला कळलं होतं, तरी मी सगळं तपासलं. पाणी पिण्यालायक नव्हतं. गौतमने ते ऐकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर विजयाचं काहीही दिसलं नाही. तो पहिल्यांदाच खुर्चीत बसला. म्हणाला, "माझ्या नातीला पाजलंय हो मी हे." मी त्याला पाणी दिलं, माठातलं.

मी साहेबांना फोन केला. दुसऱ्या दिवशी आम्ही माळावर गेलो. जमिनीने काही दगा दिला नव्हता. डेपो चालवणाऱ्या ठेकेदाराने काळ्या पाण्याची टाकी कधी उपसलीच नव्हती, ती फुटून वाहत होती. ओला-सुका सगळा कचरा एकत्र येत होता. आणि ट्रकवाले माळ चढायचा कंटाळा करून अलीकडच्या बाजूलाच, जिथे तळाला कुठलाच थर नव्हता तिथे, गौतमच्या बांधाला लागून कचरा उपडा करत होते. साहेबांच्या अटींपैकी एकही धड पाळलेली नव्हती. साहेब तिथे उभे राहिले आणि मला ते एकाएकी फार म्हातारे दिसले.

ते तसेच गौतमकडे निघाले. मी त्यांना आवरायला बघितलं. म्हटलं, यात तुमची काय चूक, तुम्ही लिहिलं होतं. त्यांनी ऐकलं नाही. गौतम बांधावर होता. साहेब त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

"जागा बरोबर होती, गौतम. पर ती चालवनारी मानसं कशी हायेत, हे मी तपासलंच न्हाई. मी शब्द दगडाच्या भरवशावर दिला. गल्लत माझी हाय."

 गौतम या वेळी उठून गेला नाही.

त्यानंतर साहेबांनी जे केलं त्याला त्यांच्या मुलाने वेडेपणा म्हटलं, आणि मीही सुरुवातीला तेच म्हटलं. ते रोज सकाळी लातूरहून एसटीने औशाला आणि तिथून मिळेल त्या वाहनाने माळावर जाऊ लागले. डेपोच्या फाटकाशी एक प्लास्टिकची खुर्ची टाकून बसत. ट्रक आला की उभे राहून आत काय आहे ते बघत. ओला कचरा असला की ट्रकसमोरच उभे राहत. ड्रायव्हर शिव्या देत, काहीजण अंगावर गाडी घालायची भीती दाखवत. साहेब शांतपणे सांगत, "बाबा, वर जाऊन टाक. आदुगर येगळं करून आन. माझी काही तुझ्याशी दुश्मनी न्हाई." दुपारी ते अर्ज लिहीत. नगरपालिकेत, तहसीलमध्ये, जिल्ह्याला. मी पाण्याचे निकाल पाठवत राहिले. वरचे लोक कंटाळून शेवटी एकदाचे आले. टाकी दुरुस्त झाली, ठेकेदार बदलला, बांधाजवळचा कचरा उकरून आत नेला. त्याला दोन उन्हाळे गेले.

त्यातल्या पहिल्या उन्हाळ्यात एक दिवस साहेबांचा फोन आला. आवाजात काहीतरी वेगळं होतं. आज सकाळी फाटकापाशी गेलो तर खुर्चीवर सावली होती, म्हणाले. चार बाभळीचे डांब रोवून वर पत्रा टाकलेला होता. कुणी केलं असेल, असं त्यांनी मला विचारलं. मी नांदेडात बसून काय सांगणार? त्यांनाही ते सांगून हवं नव्हतंच. पुढे पुढे दुपारच्या वेळी गौतमची बायको भाकरी घेऊन येऊ लागली. ती म्हणायची, मीच आणली. साहेब म्हणायचे, बरं. दोघे भाऊ अजून बोलत नव्हते. पण पत्र्याखाली कधी कधी दोन माणसं बसलेली असत, असं मी एकदा माळावर गेले तेव्हा मला ट्रकवाल्यांकडून कळलं.

विहिरीचं पाणी लगेच सुधारलं नाही. गौतमने ते पिणं सोडलं होतं, गावातून हंडे भरून आणत होता. पण बाटली दरवर्षी येत राहिली. आधी वास गेला, मग रंग गेला, आणि शेवटी एका वर्षी माझ्या टेबलावर ते पाणी पुन्हा पिण्यालायक ठरलं. मी गौतमला सांगितलं. तो म्हणाला, "दादाला सांगा." आधी तो 'त्याला' म्हणायचा. मी फोन करून सगळं सांगितलं, दादासकट.  साहेब म्हणाले, "एका पावसाळ्यावर भरवसा ठेवायचा न्हाई, शिंदेबाई. पुढल्या साली परत बघू."

पुढचा पावसाळा बघायला ते राहिले नाहीत. थंडीत लातूरला घरातच छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मुलाने अंत्यविधी लातूरला करायचं ठरवलं होतं. गौतम पहाटे पोचला आणि त्याने एकच सांगितलं, दादाला गावाकडं न्यायचं. कुणी हरकत घेतली नाही.

जलदान विधीला मी गेले. गौतमच्या रानात, विहिरीशेजारीच मांडव होता. साहेबांचा फोटो, हार, मेणबत्त्या. भन्तेजींनी वंदना घेतली. गावातली माणसं बरीच आली होती. एकेकाळी ज्यांनी त्यांच्या वडिलांना कामाला बोलवायचं बंद केलं त्या घरांतलीही, आणि डेपो आला तेव्हा साहेबांच्या नावाने बोटं मोडणारीही. दोन ट्रक ड्रायव्हर होते. ती विहीर बिघडल्याचं गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यानंतर तिथलं पाणी कुणी तोंडाला लावलेलं नव्हतं. जेवणासाठी टँकर बोलावलेला असेल, असं मला वाटलं होतं. टँकर कुठे दिसत नव्हता.

पंगती बसल्यावर गौतम विहिरीवर गेला. त्याने स्वतः कळशी भरून आणली. एक पेला फोटोसमोर ठेवला. दुसरा भरून सगळ्यांसमोर उभ्याने प्याला, शेवटच्या थेंबापर्यंत. 

"हे माझ्या ईहिरीचं पानी हाय," तो म्हणाला. "आज किती दिसांनी पिलो. ज्याला भ्या वाटतंय त्यानं घेऊ नका, माझी काही जबरदस्ती न्हाई. पर दादानं दिलेला शब्द दादानं फेडला, हे मला तुमच्यापुढं सांगायचं होतं."

मग तो कळशी घेऊन माझ्याकडे आला. "तुमी तपासलंय. तुमी पैलं प्या," म्हणाला.  मी पेला तोंडाला लावला. माझ्या शेजारची म्हातारी माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी प्याले, आणि मग त्यांच्यातल्या एकाने आपला पेला पुढे केला, मग दुसऱ्याने. गौतम एकेकाला वाढत पंगतीच्या टोकापर्यंत गेला. मला रडू आवरेना.

पाणी खरंच गोड होतं. इतकी वर्षं मी ते बाटल्यांतून आणि नळ्यांतून बघितलं होतं, चव कधी घेतली नव्हती. ते साहेबांना कळवायला हवं होतं, म्हणून माझा हात पर्समधल्या फोनकडे गेला.